गाव महापालिकेत गेलं, विहीर कुणाकडे गेली?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पुण्यालगतच्या धायरी, नऱ्हे, आंबेगाव, किरकटवाडी या भागातल्या पाण्याबद्दल आपल्या दैनिकात येणारी बहुतेक पत्रं टँकरची असतात. टँकर आला नाही, अर्धाच आला, दर वाढवला. ती सगळी खरी आहेत. मीही याच भागात राहतो आणि आमच्या सोसायटीच्या मासिक बैठकीतला पहिला विषय टँकरच असतो. पण या गावांमध्ये सार्वजनिक विहिरी होत्या, काही अजून आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. गावं महापालिकेत आली तेव्हा ग्रामपंचायतीचं दप्तर आलं, कर्मचारी आले, मिळकतकराची बिलं आली. विहिरी कोणत्या खात्याच्या ताब्यात आल्या, हे मी जिथे जिथे विचारलं तिथे कुणालाही सांगता आलं नाही. त्यासाठी हे पत्र.

माझी सगळी नोकरी हवेली तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात झाली. आरोग्य सेवक म्हणून लागलो, आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो. ताप, हिवताप, लसीकरण ही कामं होतीच, पण वर्षाचा मोठा भाग पाण्यात जायचा. शहरात वाढलेल्या वाचकांना गावातल्या पाण्यावर देखरेख कशी असते याची कल्पना नसते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

प्रत्येक ग्रामपंचायतीत एक जलसुरक्षक असतो. बहुधा तोच गावची मोटार चालू-बंद करणारा, तोच पाण्यात टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकणारा. आरोग्य सेवक त्याच्यावर लक्ष ठेवतो, पाण्याचे नमुने बाटलीत घेऊन प्रयोगशाळेला पाठवतो. शिवाय वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, गावातल्या एकूणएक सार्वजनिक स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. विहीर, हातपंप, टाकी, काही सुटत नाही. कठडा आहे का, ओटा फुटला आहे का, सांडपाणी उलटं विहिरीकडे वाहतं का, 15 मीटरच्या आत शौचालयाचा शोषखड्डा किंवा उकिरडा आहे का, असे प्रश्न असतात. कागद भरताना विहिरीत डोकावावंच लागतं. टेबलावर बसून ते भरता येत नाहीत. मग त्यावरून ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. जोखीम मोठी असेल तर लाल, मधली असेल तर पिवळं, पाणी बिनधोक असेल तर हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं आणि गावात पाण्याची साथ आली नाही तर चंदेरी. लाल कार्ड ग्रामसभेत वाचून दाखवलं जायचं. सरपंचाला ते फार लागायचं. विरोधी पॅनेलला बोलायला विषय मिळायचा, आणि पुढच्या पंधरा दिवसांत फुटका ओटा सिमेंटने दुरुस्त झालेला असायचा. निधी मागायला जिल्ह्याला जावं लागायचं नाही, इतकी ती छोटी कामं होती.

विहीर शुद्ध करायची पद्धतही सांगतो, कारण आता ती माहीत असलेली माणसं कमी होत चालली आहेत. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्यायचा, त्याला व्यासानेच गुणायचं, मग पाण्याच्या खोलीने आणि शेवटी 785 ने. उत्तर लिटरमध्ये येतं. 5 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर 78,500 लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम पावडर, म्हणजे साधारण 400 ग्रॅम. ती आधी थोड्या पाण्यात कालवायची, बादली भरायची आणि दहाएक मिनिटं हात न लावता ठेवायची. चुना तळाला बसतो. वरची निवळ तेवढी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायची. चुना विहिरीत जाऊ द्यायचा नाही, त्याने पाणी जड होतं. मग ती बादली दोराने पाण्यात सोडून चारही अंगांना खालीवर हलवायची. त्यानंतर तासभर कुणालाही पाणी भरू द्यायचं नाही. सगळ्यांत अवघड काम हेच. हंडे, कळश्या घेऊन बायका कठड्याशी उभ्या, कुणाची मुलं शाळेत जायची, कुणाला शेतावर जायचं. त्यांना समजावण्यातच तो तास निघायचा. शेवटी नळीत पाणी घेऊन, क्लोरीन उतरलं का ते दाखवणाऱ्या ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की भरा म्हणायचं. नाही आला तर पावडर जुनी आहे किंवा पाण्यात घाण जास्त आहे, दोन्हीपैकी काय ते शोधायचं. उघड्या पोत्यातली पावडर पावसाळी हवेत महिन्याभरात निकामी होते आणि निकामी पावडर टाकून वहीत ‘शुद्धीकरण केले’ लिहिणारी माणसंही मी पाहिली आहेत. ही यंत्रणा निर्दोष होती असं मी म्हणत नाही. पण विहिरीला एक वही होती, त्या वहीवर कुणाची तरी सही होती, आणि साथ आली तर त्या सहीवाल्याला जाब द्यावा लागायचा.

2017 च्या ऑक्टोबरमध्ये धायरी, आंबेगावसह 11 गावं महापालिकेत आली. 30 जून 2021 ला आणखी 23 आली, त्यात नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला होती. नंतर उरुळी देवाची आणि फुरसुंगी यांची वेगळी नगरपरिषद करायचं ठरलं. हद्दीचा हा खेळ होत राहील, त्यावर माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं असं की, ग्रामपंचायत संपली त्या दिवशी कार्डही संपलं. ते ग्रामीण भागाचं काम. जिल्हा परिषदेचा आरोग्य सेवक हद्दीबाहेर गेला. महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग नळाने पाणी देणारा, त्याचं सगळं शास्त्र जलवाहिनी, व्हॉल्व्ह आणि टाक्यांचं. पथ विभागाला विहीर म्हणजे रुंदीकरणातला अडथळा. क्षेत्रीय कार्यालयातले आरोग्य निरीक्षक कचऱ्यात बुडालेले. यांपैकी कुणीही वाईट माणसं नाहीत, पण विहीर कुणाच्याच कामात बसत नाही.

याचं मोल काय असतं ते 2025 च्या जानेवारीत पुण्याने पाहिलं. गुलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी भागात एकापाठोपाठ निघाले. पुढे संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. धडधाकट माणसाचे पाय आधी जड होतात, मग उचलेनासे होतात, काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशय पाण्यावर गेला. मग धावपळ झाली. विहिरी तपासल्या, खासगी टँकर जिथे भरतात त्या जागा तपासल्या, क्लोरीन मोजलं. ती धावपळ करणाऱ्या कर्मचाऱ्यांबद्दल मला आदरच आहे, त्या दिवसांत ते घरी गेलेले नाहीत. पण साथ सुरू झाल्यावर विहिरी शोधत फिरावं लागणं, याचा अर्थ विहिरींची यादी आधी हाताशी नव्हती. ती यादी गावोगावच्या सर्वेक्षणाच्या कागदांत होती. आमच्या हातची.

आता एक पाहिलेली गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मला तक्रार एका गावाची करायची नाही. तिथली विहीर जुनी, घडीव दगडाची, एका अंगाने पायऱ्या, दुसऱ्या अंगाला मोटेचं थारोळं आणि धाव अजून शाबूत. मे महिन्यातही तिच्यात पुरुषभर पाणी असायचं. गावाला नळयोजना आल्यावर पिण्यासाठी तिचा वापर थांबला, पण गुरं, धुणं, लग्नकार्य, गणपती, सगळ्याला तिचंच पाणी. मी सर्वेक्षणाला जायचो तेव्हा तिच्या कठड्यावर टेकूनच कागद भरायचो. गाव महापालिकेत आल्यावर रस्त्याचं काम निघालं आणि दोन-तीन रात्रींत डंपरने राडारोडा आणून ती भरून टाकली. विटांचे तुकडे, फरशी, जुन्या बाथरूमच्या टाइल्स. मी विचारायला गेलो तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, धोकादायक होती. बुजवायचा आदेश कुणाचा, असं विचारलं तर त्याने साहेबांचं नाव घेतलं. साहेब म्हणाले, आमच्याकडे अशी विहीर नोंदलेलीच नाही. नोंदलेली नाही, म्हणून ती बुजवायला कुणाची परवानगीही लागली नाही. ग्रामपंचायतीच्या मालमत्तेच्या नोंदवहीत ती होती, मी स्वतः पाहिली आहे. ती नोंदवही आता कोणत्या कपाटात आहे ते सांगणारं कुणी नाही.

महोदय, हे पुण्यात व्हावं याचं मला जास्त दुःख होतं. सार्वजनिक पाण्याची या शहराइतकी जुनी आणि जाणती परंपरा फार थोड्या शहरांना असेल. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळ काढून शहरात पाणी आणलं. आत माणूस चालेल एवढा दगडी नळ, मध्ये मध्ये उच्छ्वास, आणि कुठेही पंप नाही, नुसत्या उतारावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांत. पण पाणी आणलं म्हणून ते सगळ्यांना मिळालं असं नाही. ते मिळवून द्यायला माणसं लागली. माझं बालपण ज्या पेठेत गेलं तिचं नाव तेव्हा गंज पेठ होतं, आता महात्मा फुले पेठ. तिथेच 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. बारा वर्षांनी, 1880 मध्ये, डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहानग्या मुलीच्या, काशीबाईच्या स्मरणार्थ बाहुलीचा हौद बांधला आणि तो सर्वांसाठी ठेवला. 4 ऑगस्ट 1923 ला सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला, सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे सगळ्यांना मोकळे. तो कागदावरच राहिला म्हणून 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. आणि त्यानंतरही राहिलंच होतं, म्हणून 1972 च्या दुष्काळात आपल्या पुण्याच्या डॉ. बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम हाती घेऊन गावोगाव पायपीट केली.

मी नोकरीला लागलो तेव्हा काही गावांतून त्या मोहिमेच्या आठवणी ताज्या होत्या. एका वस्तीतल्या म्हाताऱ्या आजी मला विहिरीचा एक कोपरा दाखवून म्हणायच्या, इथं उभं राहून आम्ही वाट बघायचो, कुणी तरी वरून ओतेल म्हणून. पुढे त्याच विहिरीवर त्यांच्या सुना स्वतःच्या हाताने पोहरा टाकू लागल्या. एवढ्या लोकांनी एवढं सोसून जो पाणवठा सगळ्यांचा केला, तो आपण नकाशावरची एक निरुपयोगी खूण समजून बुजवतो आहोत. सार्वजनिक विहीर गेली की पाणी ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचं होतं. आमच्या भागात सोसायट्या टँकर मागवतात. पत्र्याच्या खोल्यांत राहणारी मजूर कुटुंबं, ज्यांनी या सोसायट्या बांधल्या, ती ड्रम घेऊन उभी असतात.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं. विहिरींचं पाणी आता पिण्याजोगं राहिलेलं नाही, धरणाचं पाणी सगळीकडे पोचवणं हाच उपाय. निम्मं मला मान्य आहे. प्यायला शुद्धीकरण केंद्रातून आलेलंच पाणी हवं, आणि समाविष्ट गावांचा त्यावर पेठांइतकाच हक्क आहे. पण खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर, चारही धरणं तुडुंब भरली तरी साठा 29.15 टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यावर दौंड, इंदापूरची शेतीही उभी आहे. दर उन्हाळ्यात कालवा समितीच्या बैठकीत शहर आणि शेतकरी समोरासमोर येतात. अशा वेळी बागेला, बांधकामाला, गाड्या धुवायला, फ्लश करायलाही धरणाचंच पाणी द्यायचं का? शिवाय विहिरीचं पाणी लोक वापरत नाहीत हेही खरं नाही. टँकर काही आकाशातून भरत नाहीत. ते खासगी विहिरी आणि बोअरवरच भरतात आणि तेच पाणी सोसायटीच्या टाकीत येऊन नळावाटे स्वयंपाकघरात जातं. विहिरीचं पाणी आपण रोज वापरतोच, फक्त कोणत्या विहिरीचं ते माहीत नसतं आणि ते कुणी तपासलेलं नसतं.

काही विहिरी खरोखर बिघडल्या आहेत. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसला आणि डेपोच्या आसपासच्या विहिरींचं पाणी त्या कचऱ्याच्या झिरप्याने नासलं. तिथे लाल कार्ड लावा. पण लावा! माणसाला विहिरीपाशी गेल्यावर कळलं पाहिजे.

अडचणीचा प्रसंग आला तर शहराला विहीरच आठवते. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, खडकवासला फुटलं आणि नदीकाठचं पुणे वाहून गेलं. नळाला पाणी कुठलं? माझी आई सांगायची, आमच्या वाड्यातल्या विहिरीवर नदीकाठच्या पेठांतून माणसं येत, आणि एरवी विहिरीला हात लावू न देणारी मालकीणबाई स्वतः रहाटापाशी उभी राहून पाणी शेंदून देत होती. तो वाडा पाडून इमारत झाली तेव्हा विहीर पार्किंगखाली गेली. पेठांतल्या बहुतेक वाड्यांचं तेच झालं. ते आता परत येणार नाही. उपनगरांतल्या विहिरींचं मात्र अजून थांबवता येईल.

कायदा नाही असंही नाही. 1993 च्या भूजल अधिनियमाने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताभोवती 500 मीटरपर्यंत संरक्षण दिलं होतं. पुढे 2009 चा व्यापक कायदा आला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय इथेच पुण्यात आहे. तिची माणसं राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतात. राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळाही पुण्यातच. म्हणजे मोजणारे, तपासणारे सगळे शेजारी आहेत. कमी आहे ती एका नोंदवहीची आणि एका जबाबदार माणसाची.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. समाविष्ट गावांतल्या प्रत्येक सार्वजनिक विहिरीची क्षेत्रीय कार्यालयात नोंद व्हावी, जुन्या ग्रामपंचायतींच्या नोंदवह्या आणि आरोग्य विभागाचे सर्वेक्षणाचे कागद काढून. जिल्हा परिषदेत चाललेली कार्डाची पद्धत महापालिकेने तशीच उचलावी. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. कार्ड फायलीत न ठेवता विहिरीच्या कठड्यावर पत्र्याच्या फलकात लावावं, तपासणीच्या तारखेसह आणि तपासणाऱ्याच्या हुद्द्यासह. टँकर भरायच्या खासगी जागांनाही हाच नियम हवा, आणि तिथे क्लोरीन रोज मोजलं जावं. नोंदलेली विहीर आयुक्तांच्या लेखी आदेशाशिवाय कुणालाही बुजवता येऊ नये. धोकादायक असेल तर वर लोखंडी जाळी बसवा. मुलं पडतील ही भीती जाळीने जाते, त्यासाठी पाणी गाडायची गरज नाही. आणि ग्रामपंचायतींतून महापालिकेत आलेले जे जुने जलसुरक्षक आज कुठेतरी झाडणकामाला किंवा शिपाई म्हणून लावले असतील, त्यांना या कामावर परत घ्या. कोणत्या विहिरीला झरा कोणत्या अंगाने आहे, हे त्यांना पाठ आहे.

माझ्या नोकरीतल्या दैनंदिनी मी जपून ठेवल्या आहेत. त्यांत या पट्ट्यातल्या सार्वजनिक विहिरींची मोजमापं आहेत, व्यास, खोली, मे महिन्यातली पातळी, जवळची खूण. क्षेत्रीय कार्यालयाने मागितली तर मी प्रती काढून देईन, आणि कुणी अभियंता किंवा आरोग्य निरीक्षक सोबत यायला तयार असेल तर प्रत्येक जागी चालत नेऊन दाखवीन. पावसाळ्यानंतरचं सर्वेक्षण ऑक्टोबरमध्ये करायचं असतं. त्याआधी यादी तयार व्हायला पंधरवडा पुरे.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सहायक,
धायरी, पुणे